मधली फळी

१

मे महिना लागला की कोल्मन डेव्हनीच्या दुकानात मटणापेक्षा ट्राउट माशांचीच चर्चा जास्त चालायची. कोल्मन आमच्या गावचा खाटीक, माझा शाळेपासूनचा दोस्त. मी मॅलकी टनी, लॉरीतून घरोघर कोळसा पोचवणारा. वर्षभर आमच्या अंगाला आपापल्या धंद्याचा वास असायचा. मेमधले थोडे दिवस तेवढे तळ्याचे.

तळ्याचं नाव लॉक नाग्रान. त्याचा अर्थ झाडांचं तळं, पण काठाला झाड एकही नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोच्या डोंगरात डांबरी रस्ता संपतो, तिथून पुढे दलदलीतून एक खडबडीत वाट जाते आणि नूलाबाई हेगर्टींच्या घराशी थांबते. राहायला त्यांच्याकडेच आणि बोटही त्यांचीच. दुसरं घर नजरेच्या टप्प्यात नाही.

त्या सकाळी हवा अगदी हवी तशी होती. ढग डोंगराच्या खांद्यापर्यंत उतरलेले, नैर्ऋत्येचा वारा आणि पाण्यावर बारीक लाट. अशा तळ्यावर मासे धरायची रीत साधी असते. बोट वल्हवत वाऱ्याच्या उगमाकडे न्यायची, आडवी करायची आणि सोडून द्यायची. वारा तिला हळूहळू पलीकडच्या काठाकडे ढकलतो. बोटीच्या दोन टोकांना दोघांनी बसून पिसांच्या खोट्या माश्या पाण्यावर टाकत राहायचं. काठ आला की पुन्हा वल्हवत वर. दिवसभर एवढंच. मी नेहमी मागच्या टोकाला बसतो, कोल्मन पुढच्या.

पहिल्याच फेरीत मासे वर यायला लागले. काळी पाठ, पिवळंधमक पोट, अंगावर लाल ठिपके. लहानच, पण अंगात मस्ती. माशाचा शेवट करायला आम्ही जे छोटं दांडकं ठेवतो, त्याला आमच्याकडे ‘पाद्री’ म्हणतात, कारण माशाचा अंत्यविधी त्याच्या हातून होतो. कोल्मन दर माशाला म्हणायचा, “चला, पाद्रीबुवांना बोलवा!” आणि स्वतःच हसायचा.

फेरीच्या मध्यावर दोघांच्याही गळाला एकदमच मासा लागला. माझा बोटीखाली घुसला, त्याचा बाहेर पळाला. आरडाओरडा, हसणं, शिव्या. तेवढ्यात बोट जराशी वर उचलली गेली, खालून कोणी खांदा दिल्यासारखी. लाट असेल, असं वाटलं. माझा मासा वर घेतला, तर भलताच मोठा निघाला. त्या आनंदात उरलेली फेरी कधी संपली ते कळलं नाही.

बोट पलीकडच्या खडकाला घासली. मी गळाचा दोर आवरला, काठी मांडीवर घेतली, पाइप पेटवला आणि बोट निघायची वाट बघत बसलो.

पाइप निम्मा झाला तरी बोट हलेना. मी मान वर केली. कोल्मन पुढच्या टोकाला हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होता.

“काय रे?” मी विचारलं.

“काय म्हणजे? चल की वर.”

“मग चल ना. कोणी अडवलंय?”

“अरे, वल्हव मग!”

“मी?”

“नाही तर काय मी?” कोल्मन म्हणाला.

आमच्या दोघांच्या मधे बोटीची मधली फळी होती. तिच्यावर कोणी नव्हतं. वल्ही आत ओढून, शेजारी शेजारी नीट ठेवलेली होती.

२

आधी आम्ही हसलो. कोल्मनला वाटलं मी आळशीपणा करतोय, मला वाटलं तो माझी फिरकी घेतोय.

“लेका, इतकी वर्षं तूच तर वल्हवतोस,” मी म्हणालो.

“मी? माझा खांदा निखळला होता तेव्हापासून मी वल्ह्याला हात लावलेला नाही. तुला ठाऊक आहे.”

ते खरं होतं. गाय सोलताना आकडा सुटून त्याच्या खांद्यावर आला होता, त्याला फार वर्षं झाली.

“बरं, मग मी वल्हवतो असं तू कधी पाहिलंस?” मी विचारलं.

“मग आज सकाळी धक्क्यावरून इथवर कोणी आणली बोट?” त्याने विचारलं.

मी सकाळ आठवायला लागलो. धक्का आठवला. नूलाबाईंचा कुत्रा काठाकाठाने भुंकत धावला, तेही आठवलं. वाटेत मी कोल्मनला काहीतरी सांगत होतो, त्याच्या बायकोबद्दलची चेष्टा. तो हसला होता, आणि त्याचा चेहरा दिसावा म्हणून मी एका बाजूला झुकलो होतो.

मी का झुकलो होतो? आमच्या मधे तर मोकळी फळी होती.

हे मी कोल्मनला सांगितलं नाही. उठून मधल्या फळीवर बसलो आणि वल्ही हातात घेतली. ऊन नव्हतं, वारा गार होता. तरी मुठींचं लाकूड कोमट लागलं.

मला वल्हवता येत नव्हतं. एक वल्हं खोल जायचं, दुसरं हवेत फिरायचं. बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. कोल्मन सूचना करत होता, मग शिव्या द्यायला लागला, मग स्वतः येऊन बसला आणि माझ्याहून वाईट वल्हवू लागला. दोन जाणती माणसं, वर्षानुवर्षं याच तळ्यावर येणारी, आणि बोट चार हात सरळ नेता येईना. तळहातांना फोड आले, फुटले. शेवटी काठाला धरून, खडकांना हाताने ढकलत, आम्ही धक्क्याच्या बाजूला निघालो.

मधे दम खायला थांबलो तेव्हा कोल्मनने नूलाबाईंनी दिलेला डबा उघडला. मांस घातलेल्या पावाच्या तीन पुरचुंड्या होत्या. दोन आम्ही खाल्ल्या. तिसरी उघडून तो म्हणाला, “यात कांदा नाही घातला. तू कांदा सोडलास?”

“मी कशाला सोडीन?”

“मीही नाही,” तो म्हणाला. मग त्याने तो पाव पुन्हा कागदात गुंडाळला आणि डब्यात ठेवला.

३

नूलाबाई पन्नाशीच्या. नवरा गेल्यावर मेंढ्या, घर आणि बोट एकटीने सांभाळणाऱ्या. भ्रमात राहणारी बाई नव्हे. आम्ही स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा त्या बटाटे उकडत होत्या.

“आज लवकर?” त्या म्हणाल्या. “वारा पडला की काय? आणि तुमचे ते तिसरे कुठे राहिले? बूट चिखलाचे असतील तर बाहेरच काढायला सांगा हो, मी आताच फरशी पुसलीय.”

टेबलावर तीन ताटल्या होत्या.

कोल्मन खुर्चीत बसला. मी विचारलं, “नूलाबाई, तिसरे कोण?”

“कोण म्हणजे?”

“आम्ही कितीजण उतरलो तुमच्याकडे?”

“हे बघा, माझ्याशी असले खेळ खेळू नका. मला कामं आहेत.”

“खेळ नाही. दिसायला कसे आहेत ते? तेवढं सांगा.”

त्यांनी झारा खाली ठेवला. “शांत आहेत. काल रात्री जेवण झाल्यावर तुम्ही दोघं शेकोटीपाशी पाय पसरून बसलात आणि त्यांनी ताटल्या पुसून दिल्या मला. कांदा चालत नाही त्यांना. उंचीला…” त्यांनी हात उचलला, हवेत धरला, मग जरा खाली आणला, मग परत वर. हात तसाच राहिला. “केस कसे बरं… थांबा हं.”

बटाट्याचं पाणी उतू जायला लागलं. त्यांनी भांडं उतरवलं, पाणी काढलं, मीठ घातलं. मग टेबलाकडे वळून त्यांनी तिसरी ताटली उचलली आणि फडताळात ठेवून दिली.

“कशाला मांडली मी ही?” त्या पुटपुटल्या. “वय झालं, दुसरं काय.”

“नूलाबाई, आता तुम्ही म्हणालात की—”

“जेवून घ्या बाबांनो, गार होईल.”

४

ताटली तशीच सोडली. मी वर गेलो.

जिना चढल्यावर डावीकडची मोठी खोली आमची, त्यात माझा आणि कोल्मनचा पलंग. उजवीकडे एक चिंचोळी खोली. ती रिकामीच असते असं मी धरून चाललो होतो. दार उघडलं. पलंगावरची चादर विस्कटलेली होती. उशीत खळगा. खिडकीच्या कठड्यावर लोकरीचे पायमोजे वाळत घातलेले, आणि कोपऱ्यातल्या आरशाखाली दाढीचा ब्रश उभा ठेवलेला. मी ब्रशला बोट लावलं. ओला होता.

मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि शांतपणे विचार करायचं ठरवलं. आदल्या रात्री आम्ही व्हिस्की घेतली होती, पण भान जाईल इतकी नाही. शेकोटीचा धूर कोंडून माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो म्हणतात, पण खिडक्या उघड्या होत्या. मग राहता राहिलं एकच. आमच्याबरोबर एक माणूस होता. तो सकाळी तळ्यावर आमच्यात होता आणि आता नव्हता. आणि तो जसा गेला, तसं त्याचं असणंही आमच्या डोक्यातून गेलं होतं.

पोलिसांना फोन करावा असं मनात आलं. मी मनातल्या मनात तो फोन करून पाहिला. कोण हरवलंय साहेब? माहीत नाही. नाव? माहीत नाही. तुमचे कोण लागतात? माहीत नाही. मग कशावरून हरवलेत?

हाताचे फोड ठणकत होते. मी ते मुद्दाम दाबले. फोड आहेत, म्हणजे मी वल्हवलं. म्हणजे आज मला वल्हवावं लागलं. म्हणजे एरवी दुसरं कोणी वल्हवत होतं. ही साखळी मी पुन्हा पुन्हा मोजत होतो, कारण मधेच माझं लक्ष खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे जायचं, आणि परत खोलीकडे पाहिलं की क्षणभर वाटायचं, आपण या अडगळीच्या खोलीत कशाला आलोय?

खाली आलो तर कोल्मन हाताला पट्टी बांधत होता.

“मागच्या आठवड्यात शेकोटीसाठी दलदलीत पीट कापायला गेलो होतो ना, त्याचे फोड आहेत,” तो म्हणाला. “चांगलेच फुटलेत.”

“कोल्मन, ते आज आलेत. बोटीत.”

“बोटीत?” त्याने माझ्याकडे नवल करून पाहिलं. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. “हो. बोटीत. मॅलकी, मला बोलत ठेव रे. मी गप्प बसलो की ते निसटतंय.”

५

तेवढ्यात फोन वाजला. फोन जिन्याखाली भिंतीवर होता. नूलाबाईंनी उचलला आणि मला हाक मारली, “टनी, तुमच्या बहिणीचा आहे.”

इटा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गावातल्या बेकरीत गल्ल्यावर बसायची.

“किती वेळ लावतोस रे यायला!” ती म्हणाली. “मासे मिळाले की नुसतीच हवा खाताय?”

“मिळाले थोडे.”

“बरं ऐक, आमचे हे कुठेत? त्यांना दे जरा. शेडची किल्ली कुठे ठेवून गेलेत देवाला ठाऊक, सगळं घर पालथं घातलं मी.”

माझ्या बहिणीचं लग्न झालेलं नाही, असं मी त्या क्षणापर्यंत समजत होतो. समजत होतो असंही नाही, त्याचा विचारच केला नव्हता. तिला सातवा महिना लागलाय हेही मला पक्कं ठाऊक होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“इटा,” मी म्हणालो, “त्यांचं नाव सांग.”

“कोणाचं?”

“तुझ्या ह्यांचं.”

ती हसली. “दिवसाढवळ्याच ढोसलीस वाटतं?”

“नाही ग. फक्त नाव सांग. तेवढंच.”

“अरे, काय वेड्यासारखं… त्यांचं नाव…” ती थांबली. तारेतून घरघर ऐकू येत होती, आणि तिच्या मागे घड्याळाची टिकटिक. “थांब हं. अगदी ओठांवर आहे. मॅलकी, हे काय होतंय मला?”

“घाबरू नकोस. चेहरा आठव. लग्नाचा दिवस आठव.”

तिचा श्वास मला ऐकू येत होता, आधी जोरात, मग सावकाश. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी स्वच्छ होता, रोजचा.

“बरं, मॅलकी, मी फोन कशाला केला होता रे?”

६

“कोणाला शोधायला जायचंय?” कोल्मनने विचारलं. मी कोट चढवत होतो.

“इटाच्या नवऱ्याला.”

“इटाचं लग्न कधी झालं?”

मी त्याचे बूट त्याच्यापुढे सरकवले. त्याने कपाळ चोळलं, उसासा टाकला आणि बूट घातले. “येतो मी. तू एकटा वल्हवायला लागलास तर शेवटी तुलाच शोधत बसावं लागेल.”

मेमध्ये आमच्याकडे संध्याकाळ लवकर सरत नाही. ढग वर गेले होते, त्यांच्याखालून तिरपं ऊन पाण्यावर पसरलं होतं. वारा पूर्ण पडला होता. आम्ही दोघं मधल्या फळीवर शेजारी शेजारी बसलो आणि एकेक वल्हं घेतलं. बोट वाकडीतिकडी का होईना, पुढे सरकत होती.

तळ्याच्या मध्यावर थांबलो. कोल्मन उभा राहिला आणि त्याने तोंडापाशी हात नेले. मग ते खाली घेतले.

“काय म्हणून हाक मारू?” त्याने विचारलं.

मलाही ते कळत नव्हतं. मी “अहो!” म्हणून ओरडलो. डोंगरावरून ते परत आलं. मग मला वाटलं, नाव नसेल ठाऊक, नातं तर ठाऊक आहे. मी छाती भरून ओरडलो, “दाजी! ओ दाजी!”

प्रतिध्वनी विरला. मग पाण्यावरून आवाज आला. टक. थोडं थांबून पुन्हा टक. बोटीच्या कडेवरच्या खुंटीत वल्हं फिरताना लाकूड लाकडावर वाजतं, तो आवाज. सावकाश, एका लयीत.

“आमचीच वल्ही असतील,” कोल्मन हळूच म्हणाला. आमची वल्ही आम्ही आत घेतलेली होती.

मग मला तो दिसला. पश्चिमेला, उन्हाच्या पट्ट्यात. पाण्यालगत बसलेला माणूस, पुढे वाकून मागे रेलणारा, पुन्हा वाकणारा. सवयीचा हात होता, घाई नाही, धडपड नाही. त्याच्याखाली बोट होती का? कोल्मन नंतर म्हणाला, असलीच पाहिजे. मी पाहिली नाही. मला फक्त कमरेपासून वरचा माणूस दिसला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फुटणारं पाणी.

वल्हवणारा दूर जात असतो तेव्हा त्याचं तोंड आपल्याकडे असतं. त्याचं तोंड आमच्याकडे होतं.

तो आमच्याकडे बघत होता. बुडणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. कपाळाला बारीकशी आठी होती. या दोघांना आपण कुठे बरं पाहिलंय, असं आठवू पाहणाऱ्या माणसाच्या कपाळाला पडते तशी.

आणि त्या क्षणी मला सगळं आठवलं. इटाच्या लग्नातला पाऊस, त्यात त्याने तिला उचलून चर्चच्या पायऱ्यांवर आणलं ते. वडील गेले तेव्हा शवपेटीला पुढून डावा खांदा कोणी दिला ते. आज सकाळी धक्क्यावर तो मला काय म्हणाला ते. सगळं एकदम, आणि त्याचं नावही. मी ते नाव घेऊन ओरडलो.

त्याने हात थांबवले. वल्ह्यांवरून पाणी निथळताना दिसलं. माझी खात्री होती की तो आता वळणार. त्याने मान एका बाजूला कलती केली, नीट ऐकू यावं म्हणून करतात तशी. मग, उगीच कोणाशी उद्धटपणा नको म्हणून अनोळखी माणसालाही आपण करतो तसा, एक हात वर केला. पुन्हा वाकला. टक. टक. उन्हाचा पट्टा डोळ्यांवर आला, मी हात आडवा धरला, आणि हात काढला तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

कोल्मनने माझा दंड घट्ट धरला होता.

“काय ओरडलास तू?” त्याने विचारलं.

“नाव. त्यांचं नाव.”

“कुठलं?”

मी तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं.

“तू तर ऐकलंस ना?” मी म्हणालो. “तू जवळच होतास. काय म्हणालो मी?”

“ऐकलं,” कोल्मन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “ऐकलं रे. दोन अक्षरी होतं की तीन? मॅलकी, आत्ताच तर ऐकलं मी.”

७

आम्ही दुसऱ्याच दिवशी गावी परतलो. कोल्मनला पुढल्या आठवड्यात विचारलं तर तो म्हणाला, वारा पडला म्हणून लवकर आलो.

इटाचं पोट आदल्या आठवड्यापर्यंत सगळ्या गावाला दिसत होतं आणि येणारा जाणारा तिची विचारपूस करत होता. आता तेच पोट पाहून बायका रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागल्या. बेकरीच्या मालकिणीने तिला घरी बसायला सांगितलं. गावचे फादर माझ्याकडे आले, चहा घेतला, आणि मूल कोणाचं हे ती सांगत नसेल तर तिला बाळंतपणापुरतं नन्सच्या आश्रमात ठेवणं बरं, असं म्हणाले. मी त्यांना दार दाखवलं. आयुष्यात पाद्र्याला दार दाखवलं ते तेव्हाच.

इटा रडत नव्हती. ती गप्प झाली होती, आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. मीही तिला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? माझे फोड बरे होत आले होते, आणि त्यांच्याबरोबर माझी खात्रीही विरत चालली होती. तो नुसता उन्हाचा खेळ होता, असं मला सकाळी सकाळी वाटू लागलं होतं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. शेडचं कुलूप तिने हातोड्याने तोडलं होतं आणि ती दारात उभी होती.

“हा पाळणा तू करतोयस?” तिने विचारलं.

आत लाकडी ठोकळ्यांवर एक अर्धवट पाळणा होता. एक बाजू पूर्ण, तिच्यावर छोट्या पक्ष्यांची नक्षी कोरलेली. दुसऱ्या बाजूच्या फळ्या नुसत्याच कापून ठेवलेल्या. रंधा, पटाशी, लाकडाचा भुसा. मी उभ्या जन्मात रंधा हातात धरलेला नाही.

“नाही,” मी म्हणालो.

“मग कोण करतंय?”

ती खाली बसली, शेडच्या उंबऱ्यावर, आणि पहिल्यांदा बोलली. “मॅलकी, लोक विचारतात कोणाचं. मी सांगत नाही असं त्यांना वाटतं. मला आठवत नाही रे. मी रोज रात्री आठवते. मी कुठे गेले, कोणाबरोबर गेले. एवढं मोठं काहीतरी केलं आणि मला आठवत नाही, मग मी वेडी आहे, नाही तर फार वाईट आहे. दोन्हीपैकी काय आहे ते तरी सांग.”

मग मी तिला सगळं सांगितलं. मधली फळी, कोमट वल्ही, कांद्याशिवायचा पाव, तिचा फोन, आणि पाण्यावर जे पाहिलं ते. सांगून झालं तेव्हा ती बराच वेळ पाळण्यावरचे पक्षी चाचपत राहिली.

“म्हणजे माझं लग्न झालं होतं,” ती म्हणाली.

“हो. पाऊस होता त्या दिवशी. ते मला आठवलं होतं एवढं मला ठाऊक आहे.”

“माणूस कसा होता?”

“आपल्याला घाबरवायचं नाही म्हणून हात वर करणारा होता,” मी म्हणालो.

ती हसली आणि मग रडली. किती महिन्यांचं साठलेलं होतं कोण जाणे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. तिने पोट दडवावं तसे हात पोटावर ठेवले होते, ते काढून घेतले आणि सरळ बसली. कितीतरी दिवसांनी ती माझी बहीण दिसत होती. मला वाटलं, चला, एवढं तरी जमलं.

आम्ही स्वयंपाकघरात आलो. तिने चहा केला, पाव कापला. पावाला लोणी लावता लावता ती थांबली.

“मॅलकी, तुम्ही तिथे किती वर्षं जाताय?”

“बरीच झाली. वडील होते तेव्हापासून.”

“आणि दर वर्षी तिघंच असायचात?”

“दोघं,” मी म्हणालो. “म्हणजे तिघं. हो, तिघंच.”

“पहिल्या वर्षी?” तिने सुरी खाली ठेवली. “पहिल्या वर्षी किती जण गेला होतात?”

मी आठवून पाहिलं. पहिल्या वर्षी आम्ही कोल्मनच्या वडिलांची मटणाची मोठी गाडी घेऊन गेलो होतो, हे मला स्वच्छ आठवत होतं. पुढे कोल्मन गाडी चालवत होता, मी शेजारी. पण दोघांसाठी एवढी मोठी गाडी कशाला नेली होती? आणि मागे, पत्र्याच्या त्या अंधाऱ्या भागात, सगळी वाट कोणीतरी गात होतं. कोल्मनला गाता येत नाही. मला तर नाहीच. गाणं संपलं की मागे हसू फुटायचं, एकाचं नव्हे, पुष्कळांचं.

इटा माझ्या तोंडाकडे बघत होती.

“तीन,” मी म्हणालो. “तेव्हाही तीनच.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने मान हलवली आणि लोणी लावलेला पाव माझ्यापुढे सरकवला. मी तो हातात घेतला. गाण्याची चाल मला येत होती. गाणारा आवाज बाईचा होता की पुरुषाचा, एवढंच मी आठवू पाहत होतो.